पाक्सोस बेटावर स्वतः चालवायची छोटी बोट घ्यावी का? सोबत सासू-सासरे आणि नऊ वर्षांचा मुलगा आहे

मीरा_श्टुटगार्ट

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण ग्रीसमधल्या पाक्सोस बेटावर जातोय. मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि सांगलीहून आलेले सासू-सासरे. कॉर्फूपर्यंत विमान, पुढे बोटीने गायोस. राहायचं घर गायोस बंदरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे.

तिथे छोट्या बोटी दिवसभरासाठी भाड्याने मिळतात आणि ३० अश्वशक्तीपर्यंतच्या इंजिनाला परवाना लागत नाही, असं वाचलं. तेव्हापासून नवऱ्याने तेच धरलंय. सकाळी बोट घ्यायची, डबा बांधून न्यायचा, दक्षिणेच्या अँटिपाक्सोस बेटावर दिवसभर पोहायचं आणि संध्याकाळी परत यायचं. त्याने आजवर कधी बोट चालवलेली नाही. पोहायला मात्र पट्टीचा आहे. मला जेमतेम येतं. सासरे ७१ वर्षांचे, कृष्णेत पोहून वाढलेले, पण आता गुडघ्यांनी बेजार. सासूबाईंना पोहता अजिबात येत नाही, आणि तरी "बोटीत बसायचंय" असं त्यांनीच सगळ्यांत आधी सांगितलंय.

आमच्यासारख्यांनी हे करावं का? करायचं तर काय बघून करावं? निळ्या पाण्याचे फोटो भरपूर सापडले, पण बोट उभी कशी करायची आणि म्हाताऱ्या माणसाला पाण्यातून वर कसं घ्यायचं, हे कुणीच लिहिलेलं नाही.

---

निशिगंध

परवान्याबद्दल एवढंच सांगते की प्रत्येक देशाचा नियम वेगळा आहे, त्यामुळे दुसऱ्या देशातला अनुभव धरून चालू नका. आम्ही स्पेनमध्ये मिनोर्काला घेतली होती. तिथे विनापरवाना बोट ५ मीटर लांबीपर्यंत आणि १५ अश्वशक्तीपर्यंतच, तीही फक्त दिवसाउजेडी आणि बंदर किंवा आडोशाच्या जागेपासून २ सागरी मैलांच्या आत. क्रोएशियात तर असल्या इंजिनाच्या बोटीलाही परवाना मागतात. ग्रीसची सवलत त्यामानाने मोठी आहे. पण ३० अश्वशक्तीची बोट हलकी असेल तर चांगली पळते, हे लक्षात घ्या.

बोट ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा. पाण्याखालचा पंखाही दिसला पाहिजे. अनामत रक्कम अडकते ती त्याच्यावरच. इंधनाचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे असतात.

---

रापणकार

मीराताई, मी मूळचा देवबागचा, नोकरीसाठी रॉटरडॅमला असतो. आजोबांची रापण होती, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, वडिलांची इंजिनाची होडी. पाक्सोसला आम्ही उन्हाळ्यात जात असतो आणि तिथे गेलो की छोटी बोट घेतोच. तुमच्याबरोबर वडीलधारी माणसं आणि लहान मूल आहे म्हणून जरा मोठं लिहितो.

बोट घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पण पहिल्याच दिवशी पाचही जणांना घेऊन अँटिपाक्सोसला जाऊ नये.

देवबागात माणूस होडी काढताना आधी भरती बघतो. कर्ली नदीच्या मुखाशी ओहोटीला लाटा फुटू लागल्या की भलेभले तांडेल थांबतात. पाक्सोसभोवतीच्या आयोनियन समुद्रात ती चिंता जवळपास नाही. पाणी चढतं-उतरतं ते वीत-दोन वीत. त्यामुळे तिथे गेलेल्या आपल्या माणसाला वाटतं की हा समुद्र गरीब आहे. तिथे बघायचा तो वारा.

उन्हाळ्यात तिथे वायव्येकडून वारा येतो, त्याला माइस्ट्रो म्हणतात. सकाळी पाणी शांत असतं. दुपारी बारा-एकनंतर वारा धरतो, चार-पाचच्या सुमारास जोरात असतो आणि अंधार पडला की बसतो. आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या दुपारी खारा वारा सुटतो, साधारण त्याच वेळा. सप्टेंबरात त्याचा जोर कमी होत जातो, पण नसतोच असं नाही.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. गायोस पाक्सोसच्या पूर्व अंगाला आहे. वायव्येचा वारा डोंगर अडवतो, म्हणून त्या बाजूला दुपारीही बरं असतं. अँटिपाक्सोसला जायचं तर पाक्सोसच्या दक्षिण टोकाजवळचं मोंगोनिसी सोडल्यावर दोन-तीन किलोमीटरची उघडी सामुद्रधुनी ओलांडावी लागते. पश्चिमेकडचा मोठा समुद्र तिथून थेट आत येतो. सकाळी ती पार करायला काहीच वाटत नाही. व्रीका आणि वुतूमी हे दोन प्रसिद्ध किनारे अँटिपाक्सोसच्या आडोशाच्या बाजूला आहेत. तिथे दुपारी तीन वाजताही पाणी हौदातल्यासारखं दिसतं. मुलं पोहत असतात, सगळं छान चाललेलं असतं. मग निघायचं म्हणून बोट टोकाबाहेर काढली की वारा तोंडावर येतो, कारण परतीची दिशा उत्तरेची, वायव्येला झुकलेली. सकाळी सुखाने आलेलं अंतर आता लाटा समोरून घेत, तोंडावर पाणी झेलत, निम्म्या वेगाने कापायचं. नवशिक्यांची तिथे घाबरगुंडी उडते ती याच जागी. आणि घाबरलेला माणूस वेग वाढवतो. बोट लाटेवरून उडून आपटते आणि पुढे बसलेल्या वडीलधाऱ्यांची पाठ दुखावते.

म्हणून किनाऱ्यावर असताना दर अर्ध्या तासाने टोकाबाहेरच्या पाण्याकडे बघत राहा. पांढरा फेस एकदोन ठिकाणी दिसू लागला की जेवण तसंच बांधून निघा. हवामानाच्या अंदाजात वाऱ्याचा जोर बोफोर्ट या मापात सांगतात, तो ३ पर्यंत असेल तर जा. ४ असेल, म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटर वारा, तर तुमच्यासारख्यांनी सामुद्रधुनी ओलांडू नये. ज्याला सवय आहे त्याला ४ काहीच नाही, पण तुम्हाला सवय नाही.

पहिला दिवस उत्तरेला द्या. गायोसहून पूर्व किनाऱ्याच्या अंगाने लोगोसकडे. वाटेत किपियादी, मारमारी, लेव्रेखियो असे पांढऱ्या गोट्यांचे किनारे लागतात. वर जैतुनाच्या बागा, बेटभर तीच झाडं, व्हेनिसच्या राज्यात लावलेली. लोगोस हे तीन बंदरांतलं सगळ्यांत लहान. पाण्याच्या काठाशी जुन्या कारखान्याचं धुरांडं आहे, ते लांबून खूण म्हणून उपयोगी पडतं. बेटाच्या उत्तर टोकाच्या लाक्कापर्यंत जायचं तर सकाळीच जाऊन या. त्या खाडीचं तोंड उत्तरेला उघडं आहे, दुपारी तिथला शेवटचा टप्पा उसळता असतो.

आता नांगर. बोट चालवणं अर्ध्या तासात जमतं, सगळी परीक्षा नांगराची. तळ बघा. फिकट दिसते ती वाळू, काळपट डाग म्हणजे पोसिडोनियाचं समुद्री गवत. ते फक्त भूमध्य समुद्रात वाढतं, त्याला संरक्षण आहे, माशांची पिल्लं त्यातच वाढतात. त्यावर नांगर टाकू नका. तो तिथे नीट धरतही नाही, आणि ओढताना गवत मुळासकट उपटून येतं. वाळूवर, बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्याकडे करून थांबा. नांगर फेकायचा नाही, हाताने हळूहळू सोडायचा. बोट वाऱ्याने मागे सरकू द्या आणि दोर सोडत राहा. पाणी चार मीटर असेल तर दोर सोळा ते वीस मीटर तरी हवा. लोक इथे कंजुषी करतात आणि बोट वाहत जाते. मग थोडा उलटा गियर देऊन ताण बघा. किनाऱ्यावरचा एखादा खडक आणि त्यामागचं झाड एका रेषेत धरा. पाच मिनिटांनी ती रेष तशीच असेल तरच पोरांना पाण्यात उतरवा. निघताना आधी इंजिन सुरू करायचं, नंतर नांगर ओढायचा. दोर पंख्याकडे जाणार नाही हे एकाने बघत बसायचं, ते काम नऊ वर्षांचा मुलगा मन लावून करेल.

शिडी बोटीच्या मागे असते, पंख्याच्या शेजारी. कुणीही पाण्यात असताना इंजिन बंद आणि किल्ली काढून खिशात. गियर मोकळा ठेवून चालणार नाही. इंजिनाजवळ एक लाल दोरी असते, ती चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा पायाला अडकवायची. माणूस तोल जाऊन पडला तर इंजिन आपोआप बंद होतं. उकाड्यात ती काढून ठेवाविशी वाटते. काढू नका.

---

मीरा_श्टुटगार्ट

रापणकार, तुमचं उत्तर नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. टोकाबाहेरच्या पाण्याबद्दलचा भाग त्याने दोनदा वाचायला लावला. मनापासून आभार.

अजून दोन शंका आहेत. सासऱ्यांना शिडीने वर येता येईल का? आणि पश्चिम किनाऱ्यावर निळ्या गुहा आहेत, सासूबाईंनी त्यांचा फोटो फोनवर ठेवलाय. शांत दिवशी आपण स्वतः तिकडे गेलो तर?

---

रापणकार

पश्चिमेला स्वतः जाऊ नका, शांत दिवशीही नाही. त्या बाजूला कडे सरळ पाण्यात उतरतात. एरिमितीसचा कडा, समुद्रात उभा असलेला ओर्थोलिथोसचा सुळका, त्रिपितोसची कमान, सगळं बघण्यासारखं आहे, मी कमी लेखत नाही. पण मैलोगणती आडोसा नाही. वारा नसला तरी लांबून आलेली मोठी लाट असते. इंजिन बंद पडलं तर वारा बोटीला कड्याकडेच ढकलणार, आणि खाली खोली इतकी की तुमचा दोर पुरणार नाही. गुहा दाखवणाऱ्या मोठ्या बोटी गायोसहून सुटतात. त्यांचे कप्तान तिथलेच असतात. सासूबाईंना त्यातून न्या. गुहेच्या तोंडाशी लाट कधी घ्यायची हे त्यांना कळतं.

सासऱ्यांचं म्हणाल तर शिडी बघून बोट निवडा. काही शिड्यांना पाण्याखाली एकच पायरी असते, तिच्यावर चढताना गुडघा छातीपर्यंत उचलावा लागतो. निदान तीन पायऱ्या पाण्याखाली जाणारी मागा. बंदरातच खाली सोडून दाखवायला सांगा. सासऱ्यांनी आधी काठावर उथळ पाण्यात पोहावं, बोटीवरून उतरायची घाई नको.

आणि एक सुचवतो. गायोसहून अँटिपाक्सोसला मोसमात प्रवासी होड्या ये-जा करतात. सासू-सासऱ्यांना त्यातून पाठवा, तुम्ही तिघं छोट्या बोटीने जा, आणि व्रीकाला भेटा. तिथे किनाऱ्यावरच खानावळी आहेत, सावली आहे. तुम्हाला वाऱ्यामुळे लवकर निघावं लागलं तरी ती दोघं आरामात जेवून मागून येतील. पूर्व किनाऱ्यावरच्या दिवशी मात्र पाचही जण एकत्र जा. सासूबाईंची हौस त्या दिवशी पुरी होईल, आणि ते पाणी त्यांना बसायला योग्य आहे. फक्त बोट पाच जणांची आहे ना, ते कागदावर बघा. मूल धरून मोजतात. मुलाच्या मापाचं जॅकेट आदल्या दिवशीच मागून ठेवा, ऐनवेळी मोठ्यांचंच हातात देतात आणि ते लहान मुलाच्या डोक्यावरून निघून येतं. सासूबाईंनी जॅकेट बोटीत पूर्ण वेळ घालावं. वडीलधाऱ्यांना आपण आग्रह करायला संकोचतो, तर आधी तुम्ही स्वतः घाला.

---

सागरगोटा

सप्टेंबर म्हणालात म्हणून एक भर. तो महिना तिथे सुंदर असतो, पाणी कोमट, गर्दी कमी. पण वादळांची सुरुवातही तेव्हाच होते. २०२० च्या सप्टेंबरात इयानोस नावाचं वादळ आलं, त्याने केफालोनिया, इथाका, झाकिंथोस या आयोनियन बेटांना झोडपलं. असं दरवर्षी होत नाही. पण सुट्टीच्या सुरुवातीलाच बोट घ्या, शेवटच्या दिवसावर ठेवू नका. म्हणजे हवा बिघडली तर दिवस पुढे ढकलायला जागा राहते. आणि दुपारी डोंगरामागे काळा ढग चढताना दिसला तर माइस्ट्रोचं वेळापत्रक विसरा, जवळच्या बंदरात शिरा.

आपत्कालीन क्रमांक ११२. ग्रीक तटरक्षक दलाचा १०८, आपल्याकडे रुग्णवाहिकेचा आहे तोच, त्यामुळे लक्षात राहील. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत आणि चालवणाऱ्याच्या अंगावर हवा, डब्याच्या टोपलीत नको.

---

मीरा_श्टुटगार्ट

सासू-सासऱ्यांना प्रवासी होडीने व्रीकाला पाठवायची कल्पना दोघांनाही आवडली. पहिला दिवस लोगोसकडे, हेही ठरलं. शेवटचं विचारते: इंधन किती लागेल याचा अंदाज आम्हाला नसणार. मध्येच संपलं तर?

---

रापणकार

टाकीचे तीन भाग धरा. एक जायला, एक यायला, एक शिल्लक. टाकीतलं एक तृतीयांश इंधन संपलं की, कुठेही असा, तोंड फिरवा. परतीला वारा समोरून असेल तर जाताना लागलं त्यापेक्षा जास्त जळतं, म्हणून हा हिशोब.

सकाळी बोट घ्याल तेव्हा बंदरातून बाहेर पडायची वाट बोटवाल्याकडून नीट समजून घ्या. गायोससमोर आग्योस निकोलाओस हे झाडीचं बेट आडवं आहे, त्यामुळे बंदराला दोन तोंडं आहेत. तुमच्या बोटीने कुठून जायचं ते तो सांगेल. आत अगदी हळू चालवा, मोठ्या बोटींना आधी जाऊ द्या. बोटीला ब्रेक नसतो, धक्क्यापासून लांब असतानाच वेग सोडायचा आणि शेवटी उलट्या गियरने थांबवायचं. बाहेर मोकळ्यात गेल्यावर नवऱ्याने पाच-सहा वेळा हेच करून बघावं. पाण्यावरचा एखादा तरंगता फुगा धरून त्याच्याजवळ थांबायचं. पण किनाऱ्याजवळ फुग्यांची रांग असते ती पोहणाऱ्यांची हद्द, तिच्या आत बोट घालायची नाही.

आदल्या संध्याकाळी बोटवाल्याकडे चक्कर मारा आणि उद्याचं काय ते विचारा. तो "उद्या नको" म्हणाला तर वाद घालू नका. त्या वेळी पैसे परत मिळणार की दिवस बदलून, एवढं मात्र आगाऊ रक्कम देतानाच लेखी घ्या.