पोरं घरी शिकतात, म्हणून वाड्यावरची शाळा बंद पडेल का?

वाळवंटीकाठ
गेल्या रविवारी एका बारशाला गेले होते. पानावर बसल्यावर आतेभावाने सगळ्यांसमोर विचारलं, "काय गो, तुझी पोरं अजून रानातच?" मी हसण्यावारी नेलं. पण नंतर हात धुताना तो जे बोलला ते डोक्यातून जात नाही. आमच्या वाड्यावरच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत यंदा अकरा मुलं आहेत. माझी दोन गेली असती तर तेरा झाली असती. "उद्या ती शाळा बंद पडली तर त्यात तुझ्या दोघांचा वाटा धर," असं म्हणाला. म्हणून हा धागा काढलाय. बरोबर की चूक, तोंडावर सांगा.

घरची परिस्थिती आधी सांगते. गोव्यात, साखळीच्या पुढे राहतो. तीन मुलं: थोरली बारा, मधला नऊ, धाकटी सहा. नवरा शिफ्टला जातो, मी घरी शिवणकाम करते, सासूबाई आमच्यात. थोरली आधी शाळेत होती. करोनात सगळी घरी बसली ती बसलीच. आधी नाइलाज होता, मग सवय झाली, आणि आता विचारून-सवरून आहे.

लोकांना वाटतं आमच्याकडे सकाळपासून पोरं झाडावर असतात. तसं काही नाही. आषाढात घरात दोऱ्यांवर ओले कपडे, मशीनवर चवथीचे ब्लाऊज, धाकटी हुक मोजून दहा-दहाचे ढीग लावते आणि मांजर ते उधळतं. थोरली कापड बेतते. 36 च्या छातीचा चौथा भाग नऊ, वर शिलाईचा दीड इंच. अपूर्णांक तिला असेच आले. मागच्या महिन्यात तो दीड इंच धरायचाच राहिला आणि गिऱ्हाईकाचं कापड वाया गेलं. साडेतीनशे रुपये मी भरले. आता ती दोनदा मोजते, मला सांगावं लागत नाही.

भाजी सासूबाईंच्या खात्यात. पहिल्या पावसानंतर परसात टायकळा ही रानभाजी उगवते, कोवळा शेंडाच खुडायचा. "तिनसांजेला तोडू नये, झोपलेला असतो," असं त्या म्हणाल्या. मधल्याला ते खरंच वाटेना. वही आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन तो पायरीवर बसला. 6.20 ला पानं अर्धी झुकली, 6.45 ला जोड्या पूर्ण मिटल्या. तीन दिवस लिहिलं. ढग दाटून आले त्या दिवशी लवकर मिटली, म्हणून आता "झोप वेळेवर अवलंबून की उजेडावर" असा वाद घरात चालू आहे. तेऱ्याच्या, म्हणजे रानअळवाच्या, वेळी मात्र हाताला तेल लावायला विसरला आणि दिवसभर खाजवत बसला. तेही शिक्षणच म्हणायचं.

सगळं गोडगोड नाही. चार-चार दिवस पुस्तक उघडत नाही असंही होतं. इंग्रजी कच्चं आहे. नवरा रात्रपाळी करून येतो तेव्हा तिघांना गप्प ठेवताना मीच सगळ्यात मोठ्याने ओरडते.

निवृत्त_मास्तर
ताई, तुमच्या आतेभावाचं गणित बरोबर आहे. माझी एकतीस वर्षं सत्तरी आणि पेडण्यात गेली, त्यातली बरीचशी एकशिक्षकी शाळेत. चार इयत्ता, एक खोली, एक फळा मधोमध रेघ मारून वापरायचा. अशा शाळेत अकरा आणि तेरा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पट घसरला की शाळा दुसऱ्या शाळेत विलीन करतात. कागदावर अंतर थोडं दिसतं. पण पावसात सहा वर्षांच्या पोरीला ओहोळ ओलांडून पाठवायला आई तयार होत नाही. पहिली घरी राहते ती मुलगी, आणि ती तुमच्यासारख्या घरातली नसते.

एक आठवण करून देतो. पोर्तुगीज काळात आपल्या आज्या-पणज्यांनी देवळाच्या सभामंडपात, कुणाच्या सोप्यावर मराठी शाळा चालवल्या. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकर 1963 ते 1973 मुख्यमंत्री होते, त्या काळात गावोगाव सरकारी प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या. वाड्यावरची ती कौलारू खोली अशी आलेली आहे. टायकळा मीही फळ्यावर काढला नाही, मुलांच्या हातातच दिला.

पणजीकर_जुना
मास्तर, मान ठेवून विचारतो. पट राखायला पोरं पाठवायची? पोरं म्हणजे काय सभेत मांडायच्या खुर्च्या आहेत? वाड्यावरची निम्मी मुलं पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जातात त्यांना कुणी बारशात विचारत नाही. या बाईंनी दोन मुलं घरी ठेवली तर शाळा बुडाली! आणि आणखी एक. तुमची स्वतःची मुलं कुठे शिकली?

निवृत्त_मास्तर
थोरला माझ्याच वर्गात. धाकटी इंग्रजीत. बायकोचा हट्ट होता असं मी वीस वर्षं सांगत आलो, पण तसं नव्हतं.

शुक्रवारचा_बाजार
मला थोडं लांब लिहायचंय, राग आला तरी चालेल.

माझी आई म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसायची. टोपलीत रानभाज्या: टायकळ्याच्या जुड्या, कुडूक, फागलां, किल्ल, लुते मिळालं तर लुते. गुरुवारी दुपारपासून आम्ही भावंडं जुड्या बांधायचो. केळीच्या सोपटाचा दोर, एक पीळ, एक गाठ, जुडी हातात मावेल एवढीच. जास्त जाड बांधली की आई सोडून परत बांधायला लावायची. त्यामुळे दर गुरुवारी माझी शाळा बुडायची आणि शुक्रवारी पहाटेच्या पहिल्या बसला टोपली चढवायला मी, म्हणून शुक्रवारही बुडायचा. मग आमचे मास्तर घरी आले. आईशी भांडले नाहीत. ओसरीवर बसून त्यांनी पंधरा जुड्या बांधल्या आणि म्हणाले, "एवढ्या मी बांधल्या, आता हिला सोड." मी आज नोकरीला आहे ती त्या पंधरा जुड्यांवर.

गावडा, कुणबी, वेळीप या आमच्या समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो 2003 साली. त्याआधी आणि त्यानंतरही आमच्या आयांनी पोटाला चिमटा काढून पोरं शाळेत घातली, रानातून बाहेर काढायला. आता शिकली-सवरलेली माणसं पोरांना शाळेतून काढून रानात नेतात आणि त्याचे फोटो काढतात. ताई, तुमच्या मुलाने पान मिटायची वेळ लिहिली, हुशार आहे. माझ्या आईला ती वेळ तोंडपाठ होती आणि तिला सही येत नव्हती. तुमचा मुलगा उद्या कंटाळला तर शाळेत जाईल. आमच्याकडे ते दार एकदाच उघडायचं.

वाळवंटीकाठ
फोटो मी काढत नाही, एवढंच माझ्या बाजूने. बाकी उत्तर सुचत नाही. सासूबाईंना तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "खरें सांगता गो ती." मग बराच वेळ गप्प होत्या. त्या स्वतः दुसरीपर्यंत गेलेल्या.

कुळागरातली
शुक्रवारचा_बाजार, तुमचं म्हणणं पोचलं, तरी मला पूर्ण पटत नाही. तुमच्या आईचं ज्ञान शाळेने कधी ज्ञान मानलं नाही, दुखणं तिथे आहे. आमच्या फोंड्याकडे चवथीला गणपतीच्या वर रानफळांची माटोळी बांधायची तर कांगणी, कवंडळ, घागऱ्या ओळखणारं घरात कुणी उरलं नाही. बाजारातून शंभर रुपयांचा जुडगा आणतो आणि बांधतो, नाव विचारलं तर एकमेकांकडे बघतो. कला आणि संस्कृती खातं माटोळीच्या स्पर्धा भरवतं, त्यात शेकड्याने रानवस्तू लावणारी घरं असतात. ती माणसं कुठल्या वर्गात शिकली? त्या ज्ञानाला या ताईंच्या घरात तरी जागा आहे.

नर्सबाय
तुमचा वाद चालू द्या, मला माझी धास्ती सांगू द्या. टायकळ्यासारखाच दिसणारा कासविंदा असतो. टायकळ्याच्या पानाला बहुधा तीन जोड्या, टोक गोलसर. कासविंद्याला जोड्या जास्त आणि टोक निमुळतं. त्याच्या शेंगांतल्या बिया खाऊन पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं दगावलेली आहेत. सहा वर्षांची पोर शेंग दिसली की तोंडात घालते, हे लक्षात ठेवा. दुसरं, अळमी, म्हणजे रानातली अळंबी. "आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खातात" म्हणणारेच उलट्या करत येतात. तिसरं, तुम्ही सत्तरीच्या तोंडावर राहता. 2015 पासून तिथे माकडताप आहे, काजूच्या हंगामात बागेत जाणाऱ्यांना गोचीड चावून होतो. पावसाळ्यात भीती कमी, पण पोरांना काजू वेचायला नेत असाल तर अंगभर कपडे आणि घरी आल्यावर आधी आंघोळ.

वाळवंटीकाठ
नर्सबाय, कासविंद्याचं ठाऊक नव्हतं, उद्याच परस बघते. अळमी मुलांनी हात लावायची नाही हा घरचा नियम. सासूबाई वारुळावरची तेवढीच आणतात, तीही सगळी नाही. अभयारण्याच्या हद्दीत आम्ही पाऊल टाकत नाही.

पणजीकर_जुना
सगळी आणत नाहीत हे चांगलं. ती बुरशी वाळवी आपल्या वारुळात वाढवते, माणसाला अजून तिची शेती जमलेली नाही. वारूळ खणून काढलं की पुढच्या श्रावणात रस्त्याकडेला पानात बांधलेली अळमी दिसायची नाहीत. तशीही भाव ऐकून मी गाडी पुढेच नेतो.

कागदवाला
भावना बाजूला ठेवून दोन ओळी. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू 1 एप्रिल 2010 पासून. वय 6 ते 14. कलम 10 प्रमाणे मुलाला शेजारच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य, पण न घातल्यास शिक्षा लिहिलेली नाही. घरी शिकवण्याबद्दल कायद्यात सरळ "हो"ही नाही आणि "नाही"ही नाही. दहावी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (NIOS) देता येते, त्यासाठी वयाची 14 वर्षं पूर्ण हवीत. थोरलीला दोन वर्षं आहेत. जन्मदाखला, आधार यांवरची नावं आत्ताच जुळवून घ्या, तिथेच सगळे अडकतात.

मागचा_बाक
मी एकवीस वर्षांचा. शाळेत कधीच गेलो नाही, घरीच शिकलो, दहावी-बारावी मुक्त विद्यालयातून. म्हणजे या धाग्यात ज्याच्याबद्दल बोलताय तो मी.

एका कॉलेजच्या खिडकीवर माझी गुणपत्रिका तीनदा उलटीसुलटी करून पाहिली, "शाळेचं नाव कुठे आहे?" तो त्रास चार दिवसांचा. मला आईबाबांनी जे दिलं ते मला कळतं. लाकडावर हात बसलाय, कुंकळ्ळीच्या एका, लाकडी वस्तू रंगवणाऱ्या, चिताऱ्यांकडे दोन उन्हाळे बसून लाखेचा रंग चढवायला शिकलो. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणानेच वितळून रंग बसतो, ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी जेवायचा विसरलो होतो. हे वर्गात झालं नसतं.

पण मला भांडता येत नाही. म्हणजे भांडलो की मला वाटतं संपलं सगळं. बाकीच्यांची कट्टी दुसऱ्या दिवशी बसमध्ये सुटते, मी ते अठराव्या वर्षी शिकलो. आणि प्रत्येक लग्नात "कितवीत रे?" याला उत्तर नसायचं. चेष्टेचं वाटेल, पण दहा वर्षांच्या मुलाला ते रोज लागतं.

ताई, एकच विचारतो. वर तुम्ही बोललात, सासूबाई बोलल्या, आतेभाऊ बोलला. थोरलीला विचारलंत?

वाळवंटीकाठ
दोन दिवस इकडे आले नाही. विचारलं.

ती काज करत होती. मान वर न करता म्हणाली, "मला बालरथातून जायचंय." शेजारची तिच्या वयाची मुलगी हायस्कूलला जाते, रोज सकाळी रस्त्यावर बालरथ, म्हणजे शाळेची बस, थांबतो, हॉर्न वाजतो, आणि ही खिडकीतून बघते. किती दिवस, म्हटलं. "पाचवीपासून." मग सांगितलं का नाहीस? तर म्हणे, "तू बारशात सगळ्यांना सांगतेस ना, आमच्या पोरांना शाळा आवडत नाही."

मी अजून त्यातच आहे. नवीन शालेय वर्षाला तिचं नाव घालणार. कापड बेतायचं सोडणार नाही, असं तिनेच बजावलंय. मधला घरीच राहणार म्हणतो, त्याला टायकळ्याचा निकाल लावायचाय. त्याचं काय करायचं ते मला खरंच कळत नाही, आणि इथल्या कुणाच्या म्हणण्याने कळेल असंही नाही.

निवृत्त_मास्तर
आणि धाकटी? सहा पूर्ण आहे. तेवढीने पट बारा होतो.

शुक्रवारचा_बाजार
मास्तर, तुम्ही सुटत नाही हां. ताई, थोरलीला घालताय ते बरं झालं. मी वर जे लिहिलं त्यातलं काही मागे घेत नाही. तेऱ्याला नुसतं तेल पुरत नाही, आंबाडा किंवा सोलं सढळ घाला आणि आठळ्या चेचून टाका, घशाला खाज येणार नाही.

वाळवंटीकाठ
मास्तर, धाकटीला विचारलं. ती म्हणते शाळेत रोज भाजी-पाव देतात का ते आधी सांगा.

निवृत्त_मास्तर
बहुतेक भाजी-पावच असतो. बचत गटाच्या बायका आणतात. पाव कधी कधी कालचा असतो, ते मात्र तिला सांगू नका.