मदत हवी आहे: सिडनीत एकच दिवस हाताशी, टरोंगा की देशी प्राण्यांचं लहान पार्क?

पाऊलवाट
नमस्कार. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सिडनीत आहोत. मुक्काम पॅरामाटाजवळ, गाडी नाही. आम्ही दोघं, ४ वर्षांची मुलगी, आई-बाबा (६८ आणि ७२, बाबांचे गुडघे दुखतात, चढ जमत नाही). प्राण्यांसाठी एकच दिवस ठेवलाय. सगळे टरोंगा झू म्हणतात, पण वाघ-सिंह बघायला ऑस्ट्रेलियाला कशाला जायचं, असं आईचं मत. मुलीला कांगारूला खाऊ घालायचाय आणि कोआला कडेवर घ्यायचाय.
१. फेदरडेलसारखं लहान पार्क पुरेल का, की तासाभरात संपतं?
२. कोआला उचलू देतात का?
३. किती वाजता पोहोचावं?

निळीशाई
आधी दुसरा प्रश्न, कारण मुलीची समजूत आत्ताच काढावी लागेल. न्यू साउथ वेल्समध्ये कोआला उचलून घ्यायला कायद्याने बंदी आहे, पार्क लहान असो की मोठं. कीपरच्या देखरेखीखाली शेजारी उभं राहून फोटो काढता येतो, काही ठिकाणी पाठीला हलकेच हात लावू देतात. व्हिक्टोरियातही उचलता येत नाही. क्वीन्सलँडमध्ये कायदा परवानगी देतो, पण एका कोआलाला दिवसात ३० मिनिटांपेक्षा जास्त हाताळायचं नाही अशी मर्यादा घालून. ब्रिस्बेनच्या लोन पाइनने (१९२७ पासूनचं पार्क) २०२४ मध्ये हा प्रकार आपणहून थांबवला. त्यामुळे नेटवर कोआला कवटाळलेले फोटो दिसले तर ते कुठले आणि कधीचे, हे आधी बघा.

तुमच्या मंडळींसाठी माझं मत फेदरडेल. टरोंगा बंदराकाठच्या उतारावर आहे. जायचंच झालं तर फेरीबोटीतून उतरल्यावर धक्क्यावरून बस धरून वरच्या मुख्य दारापाशी जायचं आणि चालत खाली यायचं. उलट केलंत तर बाबांचा दिवस चढणीतच जाईल.

चिंचगूळ
टरोंगाला इतकं निकालात काढू नका. तिथेही ऑस्ट्रेलियन प्राण्यांचा वेगळा विभाग आहे. आणि प्लॅटिपस (बदकासारख्या चोचीचा, अंडी घालणारा सस्तन प्राणी) बघायचा असेल तर लहान पार्कात तो क्वचितच भेटतो. त्याला अंधारी इमारत, वाहत्या पाण्याची टाकी आणि रोज जिवंत खाणं लागतं, ते सगळ्यांना झेपत नाही. शिवाय सर्क्युलर की (शहराच्या मध्यभागातला बोटींचा धक्का) ते टरोंगा ही बारा मिनिटांची फेरीबोट, ऑपेरा हाउसच्या अंगावरून जाणारी, हेच अर्धं तिकीट वसूल. फक्त पॅरामाटाहून ट्रेन, फेरी, बस मिळून एका बाजूचा दीड तास धरा.

रानभूल
चिंचगूळ, प्लॅटिपसचा मुद्दा मान्य. पण ४ वर्षांच्या मुलीला काचेआड अंधारात सुळकन गेलेली सावली दाखवायची, की तळहातावर कांगारूचा ओला ओठ? लहान पार्कात वॉलबी (कांगारूचा छोटा भाऊबंद) आणि कांगारू माणसांमध्ये मोकळे हिंडतात. खरा फरक तो आहे.

पाऊलवाट, "तासाभरात संपतं" याचं उत्तर पोहोचण्याच्या वेळेत आहे. दार उघडायच्या १० मिनिटं आधी रांगेत राहा. सकाळी कांगारू भुकेले असतात, आपणहून येतात. दुपारी एकनंतर, त्यातही शाळांच्या सुट्टीत, शंभर पोरांनी खाऊ घातलेला असतो. मग ते सावलीत कुशीवर पसरतात आणि खाऊच्या गोळ्यांकडे बघतही नाहीत. दुपारी जाऊन "काहीच बघायला नव्हतं" म्हणणारे बहुतेक याच चुकीचे बळी. डिसेंबरचा तिसरा आठवडा म्हणजे सुट्ट्यांचं तोंड, तेव्हा दुपारवर भिस्त नको.

खाऊ घालायची रीत मुलीला घरीच शिकवा:
– फक्त पार्कातून घेतलेल्या गोळ्या (लसूणघास, धान्य वगैरे दाबून केलेल्या). पाव, बिस्किट, चिप्स अजिबात नाही. चुकीच्या खाण्याने हिरडी दुखावते, जखमेतून जंतू जबड्याच्या हाडापर्यंत जातात, गाल सुजतो आणि हाड सडायला लागतं. 'लंपी जॉ' म्हणतात त्याला. पाळीव कांगारूंचा हा जुना शत्रू.
– तळहात सपाट, बोटं जुळलेली, अंगठा आत. चिमटीत गोळी धरली तर दात बोटाला लागतात.
– बसून किंवा वाकून, बाजूने जायचं. समोरून चालून गेलं की तो दबकतो. हात लावायचा तो छातीला किंवा पाठीला. डोकं, शेपूट, पोटाची पिशवी नाही. पिशवीतून डोकावणाऱ्या पिल्लाला तर नाहीच.
– गोळ्यांचा कप मुलीच्या हातात देऊ नका. एमूला (शहामृगासारखा उंच पक्षी) उंचीवरून सगळं दिसतं, आणि त्याची चोच थेट कपात येते. एका वेळी पाच-सहा गोळ्या तुम्ही काढून द्या.

दोरी किंवा कठडा लावून कांगारूंसाठी विश्रांतीची जागा राखलेली असते. आत गेलेल्याला हाका मारायच्या नाहीत, गोळ्याही फेकायच्या नाहीत. एखादा मोठा नर ताठ उभा राहून छाती खाजवायला लागला किंवा खाकरल्यासारखा आवाज काढायला लागला, तर मुलीला उचला, अंग थोडं वाकवून हळूहळू मागे या. पाठ फिरवून पळू नका.

पाऊलवाट
हे फार उपयोगी पडलं, धन्यवाद. म्हणजे फेदरडेल पक्कं. मग कोआलाचं काय? सगळे म्हणतात तो झोपलेलाच असतो.

निळीशाई
असतोच. दिवसातले १८ ते २० तास. निलगिरीच्या पानात पोषण कमी, तंतू आणि विषारी द्रव्यं भरपूर. ते पचवायला त्याला जवळजवळ २ मीटर लांबीचं आंधळं आतडं लागतं, हालचालीला ताकद उरतच नाही. (पानांची नशा चढते म्हणून झोपतो, ही नुसती थाप.) युक्ती एकच: कीपर ताज्या फांद्या कधी खोचतात ते दारातच विचारा. नव्या पानांचा वास आला की जागे होतात, फांदी बदलतात, पानं हुंगून निवडून खातात. ही दहा-पंधरा मिनिटं चुकली की पुन्हा राखाडी गोळा. कडक उन्हात तो चारी पाय सोडून खोडाला पोट चिकटवून बसलेला दिसेल. आजारी नाही तो. खोड हवेपेक्षा थंड असतं, म्हणून तसा बसतो. कांगारूही उन्हात पुढचे पाय चाटून अंग गार ठेवतात, मुलीला दाखवा.

चिंचगूळ
वॉम्बॅट (बिळात राहणारा गुबगुबीत प्राणी) आणि टास्मानियन डेव्हिल (कुत्र्याएवढा काळा मांसाहारी प्राणी) बघायलाही वेळ साधावी लागते. दोघे रात्रीचे प्राणी. डेव्हिल बघायचा तो त्याच्या जेवणाच्या वेळी. एरवी काळं मुटकुळं, आणि मांस समोर आलं की हाडासकट फोडतो, आवाज ऐकण्यासारखा. १९९६ पासून या प्राण्याच्या तोंडावरच्या संसर्गजन्य कर्करोगाने जंगलातली संख्या फार घटली आहे, म्हणून पार्कांमधल्या निरोगी डेव्हिलांची पैदास मोलाची. वॉम्बॅटची चौकोनी लेंडी दिसली तर मुलीला नक्की दाखवा, या वयात त्याहून मोठा विनोद नसतो.

रात्रीच्या प्राण्यांचं अंधारं दालन असेल तर दारातून आत गेल्यागेल्या "इथे काही नाही" म्हणून बाहेर पडू नका. चार-पाच मिनिटं थांबा, डोळे सरावू द्या. फ्लॅश बंद, मोबाइलचा प्रकाशही नको.

सुपारी
जाण्यायेण्याचं कुणी लिहिलं नाही, म्हणून. पॅरामाटाहून ट्रेनने ब्लॅकटाउन, पंधरा-वीस मिनिटं. स्टेशनबाहेरून ७२९ नंबरची बस, ती पार्काजवळ थांबते. ट्रेनसारखी ती सारखी सुटत नाही, तेव्हा परतीची वेळ आत शिरण्याआधीच बघून ठेवा. बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं, पण माणशी एक वेगळं कार्ड हवं. एकाच कार्डावर चौघं जाता येत नाही. मुलगी ४ वर्षांची झाली असल्याने तिला तिकीट आहे (३ वर्षांपर्यंत फुकट). बँकेच्या कार्डावर मोठ्यांचं भाडं कापलं जातं, म्हणून तिच्यासाठी चाइल्ड ओपल (तिथल्या ट्रेन-बसचं मुलांचं कार्ड) घ्या. उतरताना सगळ्यांनी कार्ड पुन्हा यंत्राला टॅप करा, आजी-आजोबा हमखास विसरतात.

पायाची बोटं झाकणारे बंद बूट घाला. मोकळ्या आवारात लेंड्या असणारच. त्याच कारणाने खाण्याआधी साबणाने हात, नुसतं सॅनिटायझर नाही. टोपी आणि सनस्क्रीन ढगाळ दिवशीही.

पाऊलवाट
बेत असा: उघडताना पोहोचायचं, आधी कांगारू, मग फांद्या बदलायच्या वेळी कोआला, डेव्हिलचं जेवण, दुपारी दीडला बाहेर. बाबांसाठी व्हीलचेअर लागेल का? आणि पारा ४० च्या वर गेला तर?

रानभूल
क्रम बरोबर आहे. व्हीलचेअर मिळते का ते आधी फोन करून विचारा, गर्दीच्या दिवशी लवकर संपतात. बाबांना बाकावर बसवून वॉलबीला त्यांच्याकडे येऊ दिलं तरी चालेल, बसलेल्या माणसाजवळ ते जास्त धिटाईने येतात.

४० च्या वर तापमानाचा अंदाज असेल तर दिवस बदला. प्राणी आडोसा सोडत नाहीत, आणि आगीचा धोका फार असेल तर झाडीतली काही पार्क बंदच ठेवतात. लांबणीवर टाकताना २५ डिसेंबर टाळा, त्या दिवशी बरीच लहान पार्क बंद असतात.

सुपारी
आणि मुलीने आवारात पडलेलं पीस खिशात टाकलं असेल तर निघण्याआधी काढून ठेवा. देशी पक्ष्यांची पिसं परवान्याशिवाय ऑस्ट्रेलियाबाहेर नेता येत नाहीत. विमानतळावर रडारड होण्यापेक्षा पार्काच्या दारात झालेली बरी.