मल बेटावर सहा मोटरहोम: मे महिन्याच्या सहलीबद्दल पत्रापत्री

प्रेषक: सहल समिती, ग्लासगो
विषय: मलची सहल, कच्चा आराखडा

मंडळी, सप्रेम नमस्कार.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ठरल्याप्रमाणे मेच्या शेवटच्या आठवड्यातल्या, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या मल बेटावरच्या सहलीचा आराखडा पाठवतोय. आतापर्यंत सहा कुटुंबांनी नावं दिली आहेत. एकूण बावीस माणसं, त्यांत भारतातून आलेले तीन आजी-आजोबा आणि सहा ते चौदा वयाची सात मुलं.

शुक्रवारी सहा मोटरहोम (आत राहण्याझोपण्याची सोय असलेल्या गाड्या) घेऊन ओबन बंदरातून फेरीबोटीने मलवरचं क्रेगन्यूर, रात्री टोबरमोरी. शनिवारी सगळ्या गाड्या एकामागोमाग घेऊन बेटाला पूर्ण चक्कर. रविवारी सगळ्यांनी मिळून बेन मोर डोंगर. सोमवारी शेजारचं आयोना बेट करून परत. स्कॉटलंडमध्ये कुठेही मुक्काम करता येतो असं ऐकलंय, तेव्हा संध्याकाळी छान समुद्र दिसेल तिथे गाड्या लावू, कॅम्पसाइटचे पैसे वाचतील.

ज्यांनी मल पाहिलंय त्यांनी जरूर लिहावं.

प्रेषक: स्टर्लिंगचे काका
विषय: उत्तर: मलची सहल, कच्चा आराखडा

समितीच्या मुलांना आशीर्वाद.

आराखडा वाचला. एवढी माणसं जमवलीत, आजी-आजोबांनाही बरोबर घेताय, याचं मनापासून कौतुक. पण शनिवारचा बेत वाचून राहवलं नाही. सहा गाड्या एका रांगेत नेऊ नका. बाकी काहीही बदला किंवा बदलू नका, एवढं मात्र ऐका.

का, ते सांगतो. मलवरचे बहुतेक रस्ते एकेरी आहेत, म्हणजे एकच गाडी जाईल एवढ्या रुंदीचे, आणि त्यावरूनच दोन्ही दिशांची वाहतूक चालते. थोड्या थोड्या अंतरावर रस्त्याला पोट आल्यासारखी जागा असते, तिला पासिंग प्लेस म्हणतात. समोरून गाडी आली आणि ती जागा आपल्या डावीकडे असली तर आपण तिच्यात शिरायचं. उजवीकडे असली तर आपण रस्त्यावरच तिच्यासमोर थांबायचं, समोरचा तिच्यात शिरतो. उजवीकडच्या जागेत आपण कधीही घुसायचं नाही. हे सगळं एका गाडीला छान जमतं, दोन गाड्यांना कसंबसं. त्या जागेत मोटरहोम एकच मावतं. सहा आली तर पुढचं आत, मागची पाच रस्त्यावर, आणि समोरच्याला मागे-मागे जात राहण्यावाचून गत्यंतर नाही.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा भाड्याची गाडी सात मीटरहून लांब होती. लोख ना कील या खाडीच्या काठाने ग्रिबनकडे जाणाऱ्या रस्त्यावर डावीकडे कडा, उजवीकडे पाणी. समोर काय येईल याच्या धास्तीत आरशात बघायचं राहूनच गेलं. कितीतरी मैल एक छोटी निळी गाडी माझ्या मागे होती. शेवटी एका शेताच्या फाटकापाशी थांबलो, तेव्हा ती बाई काच खाली करून शांतपणे म्हणाली, "मागे कुणी दिसलं की जाऊ द्या, एवढंच करा." ती घरोघरी जाणारी नर्स होती, एका आजारी माणसाकडे निघाली होती. रागावली असती तर बरं वाटलं असतं. आपण सुटीवर असतो, पण त्याच रस्त्यावरून डॉक्टर जातो, शाळेची गाडी जाते, गुरांचा चारा जातो. पासिंग प्लेस ही मागच्याला पुढे जाऊ देण्यासाठीही असते, हे मला त्या दिवशी कळलं. फोटो काढायला तिच्यात गाडी लावू नये हेही त्यातच आलं.

तेव्हा दोन-दोन गाड्यांचे तीन गट करा. एक गट टोबरमोरीकडे, एक बेटाच्या नैऋत्य टोकाला फिनफर्टकडे, एक क्रेगन्यूरजवळ. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. संध्याकाळी जेवायला एकत्र. पूर्ण चक्कर एका दिवसात मारायचा हट्ट सोडा. कागदावर बेट लहान दिसतं, पण एकट्या क्रेगन्यूर-फिनफर्ट रस्त्याला सव्वा तास लागतो. पश्चिमेकडे, कॅल्गरीच्या बाजूला, वळणं आणि चढ असे आहेत की सवय नसलेल्याने मोठी गाडी नेऊच नये.

कुठेही मुक्काम करता येतो हे अर्धंच खरं. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये पायी किंवा सायकलवर हिंडण्याचा आणि तंबू ठोकण्याचा हक्क दिलाय, पण जबाबदारीने वागण्याच्या अटीवर. इंजिनावर चालणारी गाडी त्या हक्कात येत नाही. आणि सहा गाड्यांच्या कॅसेट टॉयलेटचं, म्हणजे संडासाच्या काढता येणाऱ्या टाकीचं, काय करणार? ती रिकामी करायला ठरलेली जागाच लागते. कॅम्पसाइट आत्ताच आरक्षित करा. फिनफर्टच्या दक्षिणेला फिडनला अगदी वाळूलगतच्या गवतावर मुक्काम करता येतो. समोर गुलाबी ग्रॅनाइटचे खडक असतात. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

गाड्यांबद्दल आणखी एक. इथे येऊन परवाना काढलेल्यांना साधारणपणे साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी चालवता येते. १९९७ च्या आधी इथली परीक्षा दिलेल्यांची गोष्ट वेगळी. साडेतीन टनांत माणसं, सामान, पाणी सगळं धरायचं असतं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. टाकी तळाशी ठेवून निघा, बेटावर पोचल्यावर भरा. तांदळाची गोणी आणि मोठे कुकर प्रत्येक गाडीत नकोत.

आता बेन मोर. गेलिक भाषेत 'बेन व्होर' म्हणजे मोठा डोंगर, आपल्याकडे गावोगावी असतो तसा. उंची ९६६ मीटर. तीन हजार फुटांवरच्या स्कॉटिश डोंगरांची यादी ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये केली. ते डोंगर त्यांच्याच नावाने ओळखले जातात आणि आज ते २८२ आहेत. त्यांतला स्काय बेट सोडून इतर कोणत्याही बेटावरचा हा एकमेव. म्हणून पुष्कळ लोक बाकीचे सगळे चढून झाल्यावर हा शेवटचा म्हणून राखून ठेवतात.

आकडा बघून फसू नका. कळसूबाई १६४६ मीटर आहे, पण पायथ्याचं बारी गाव मुळातच उंचावर. इथे धिसेगपाशी गाडी लावायची ती समुद्राच्या काठच्या गवतावर, म्हणजे ९६६ मीटर सगळेच्या सगळे चढायचे. आधी ओढ्याच्या कडेने ओलं, फसफसणारं गवत, मग दगडगोट्यांची घसरडी चढण. जाऊन-येऊन पाच-सहा तास. माथ्यावर गोल रचलेला दगडांचा आडोसा आहे. हवा स्वच्छ असली तर त्यात बसून स्टाफा, आयोना, उल्वा ही बेटं, दूरवर जुरा बेटाचे डोंगर, सगळं दिसतं.

हवा स्वच्छ नसली तर मात्र खाली या. या डोंगराच्या खडकात लोह आहे आणि माथ्याजवळ होकायंत्राची सुई भरकटते. दुसऱ्या खेपेला मी ढगात सापडलो. सुई उत्तर म्हणून दाखवत होती त्या बाजूला पायाखालची जमीन खाली जाऊ लागली. दोन पावलांवरची मुलगी धुक्यात नुसती सावलीसारखी दिसत होती. तिचा हात धरला आणि आल्या वाटेने दगड ओळखत ओढ्यापर्यंत उतरलो. माथा जेमतेम दीडशे मीटर राहिला होता. तिसऱ्या खेपेला झाला. सहा-सात वर्षांच्या मुलांना नेऊ नका. दहा-बाराच्या पुढची, आधी डोंगर चढलेली असतील तर चालतील, आणि रविवारच नव्हे तर शनिवार-रविवार-सोमवारपैकी ज्या दिवशी हवा देईल तो दिवस घ्या.

एक गोष्ट मुलांना जरूर दाखवा. लोख ना कीलच्या काठी उभं राहून पलीकडच्या उल्वाकडे बघायचं. एकावर एक काळ्या कड्यांचे थर, मधे गवताचे उतार, पुन्हा कडा. आम्ही दोघं पहिल्यांदा तिथे उतरलो आणि बायकोच्या तोंडून पहिला शब्द निघाला "माळशेज!" ती चुकली नव्हती. दोन्ही बेसाल्टच. अटलांटिक उघडायला लागला तेव्हा, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी, इथे लाव्हाचे लोट एकावर एक वाहिले. दख्खनचे त्याआधीचे, सहा कोटी साठ लाखांच्या आसपासचे. एका लोटाची एक पायरी. 'डेक्कन ट्रॅप'मधला ट्रॅप हा शब्दसुद्धा पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. दोन थरांच्या मधे घाटात दिसतो तसा तांबडा पट्टाही मलवर दिसतो. दोन लोटांमधल्या काळात खडक कुजून माती झाली, आणि वरून पुन्हा लाव्हा आला. मी तो पट्टा नखाने खरवडून पाहिला. बोटाला लागलेला रंग थेट महाबळेश्वरच्या वाटेवरचा.

मोटरहोमची चावी हातात आली की सगळं बघून घ्यावंसं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण मल मला कळलं ते गाडी दोन दिवस एका जागी उभी राहिली तेव्हा.

प्रेषक: सहल समिती, ग्लासगो
विषय: उत्तर: मलची सहल, कच्चा आराखडा

काका, एवढं सविस्तर लिहिलंत, फार आभारी आहोत. रांगेचा विचार आमच्या डोक्यातही आला नव्हता. तीन गट पक्के. कॅम्पसाइटला आज फोन करतो.

एक अडचण उरते. बेन मोरच्या दिवशी आजी-आजोबा आणि लहान मुलं काय करतील? माझी आई पंच्याहत्तरीची आहे. ती म्हणते, "मला गाडीत बसवून ठेवायचं असेल तर मी ग्लासगोलाच बरी."

प्रेषक: डंडीची ताई (पूर्वी ओबन)
विषय: उत्तर: मलची सहल, आजी-आजोबा

नमस्कार. ओबनला चार वर्षं औषधाच्या दुकानात काम केलं, मलची माणसं रोज काउंटरवर यायची. त्यामुळे थोडं लिहिते.

आईंना गाडीत बसवायची गरजच नाही. ज्या रस्त्याने धिसेगला जाल त्याच रस्त्यावर आधी ग्रुलिन लागतं. तिथे सपाट वाटेने चालत गेलं की भिंतीच्या कुंपणात एक दगडी समाधी आहे, लॅकलन मॅक्वारी यांची. शेजारच्या उल्वा बेटावरचा हा माणूस १८१० ते १८२१ न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर होता. समाधीवर त्याला ऑस्ट्रेलियाचा पिता म्हटलंय. पण त्याआधी तो १७८८ मध्ये फौजेबरोबर मुंबईत आला होता. १७९३ मध्ये मुंबईतच त्याने जेन जार्व्हिसशी लग्न केलं. तीन वर्षांत ती क्षयाने मकावला गेली, आणि तिला पुरायला त्याने मुंबईला आणलं. पुढे मलवर जमीन घेतली तेव्हा त्या जमिनीचं नाव ठेवलं जार्व्हिसफील्ड. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी त्या गवतात बराच वेळ उभी होते.

तिथून परत काठावर यायचं आणि आकाशाकडे बघत बसायचं. पांढऱ्या शेपटीचे समुद्री गरुड लोख ना कीलवर हमखास दिसतात. पंख पसरले की अडीच मीटरच्या घरात. ब्रिटनमधून ते पार नाहीसे झाले होते. १९७५ पासून नॉर्वेहून पिल्लं आणून रम बेटावर सोडली, आणि १९८५ मध्ये मलवरच्या घरट्यातून पहिलं पिल्लू उडालं. आजोबांसाठी दुर्बीण आणा.

आयोनाला पर्यटकांच्या गाड्या नेत नाहीत, फिनफर्टला ठेवून पायीच फेरीत चढायचं. दहा मिनिटांत पलीकडे. ५६३ मध्ये आयर्लंडहून आलेल्या कोलंबाने तिथे मठ काढला. धक्क्यापासून मठापर्यंत म्हाताऱ्या माणसाला झेपेल अशी वाट आहे. आईंना तिथे घाईने नेऊ नका, अर्धा दिवस तरी द्या. म्हणजे परतीच्या सोमवारी आयोना बसत नाही, हे लक्षात घ्या.

बाकी थोडक्यात. ओबनच्या फेरीचं आरक्षण लगेच करा, गाडीची लांबी मागच्या सायकलच्या स्टँडसकट द्या. फेरीत चढण्याआधी गॅस सिलिंडर बंद करायचा. वारा पडला की मिज, म्हणजे चावणारी बारीक चिलटं, येतात, जाळीच्या टोप्या घ्या. गवतातून आल्यावर मुलांच्या गुडघ्यांमागे, काखेत, कानामागे गोचिडी तपासा. दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तूप, तेल, काडीचा चटका, काहीही नको. नंतर त्या जागी लाल वर्तुळ पसरलं तर लगेच डॉक्टरकडे. हे मी काउंटरवर फार वेळा सांगितलंय.

बेन मोर मी चढलेय. त्या दिवशी खाली मी थांबते, मोठ्यांजवळ आणि लहान मुलांजवळ.

प्रेषक: स्टर्लिंगचे काका
विषय: उत्तर: मलची सहल, आजी-आजोबा

ताई, तुम्ही खाली थांबताय हे वाचून जिवाला बरं वाटलं. आम्ही दोघंही येतो, आमच्या गाडीत दोन जागा आहेत. चढणाऱ्यांबरोबर मी जाईन. दुपारी दोनपर्यंत माथा आला नाही तर जिथे असू तिथून परत फिरायचं, हे आधीच सगळ्यांनी कबूल करायचं. पिठलं-भाकरी बायको घेऊन येतेय.

प्रेषक: सहल समिती, ग्लासगो
विषय: मलची सहल, पक्का बेत

मंडळी, फिडनला शुक्रवारपासून चार रात्री दोन गाड्यांची जागा मिळाली, टोबरमोरीला दोन, क्रेगन्यूरला दोन. परतीची फेरी सोमवारऐवजी मंगळवारी. ज्यांना मंगळवारची रजा जमणार नाही त्यांनी रविवारपर्यंत कळवावं.

आईला ताईंची मेल वाचून दाखवली. ती गिरगावात वाढलेली. जेन जार्व्हिसपाशी आल्यावर म्हणाली, पुन्हा वाच. मग विचारलं, तिथे मेमध्ये कुठली फुलं मिळतात? ताई, कृपया कळवाल का?