मदत हवी आहे: डीफॉल्ट ब्राउझर बदलल्यावर डेस्कटॉपवरचे वेब शॉर्टकट चालत नाहीत

खुडबुड
विंडोज ११. डीफॉल्ट ब्राउझर बदलल्यापासून डेस्कटॉपवरच्या साइट्सच्या शॉर्टकटांची तीन तऱ्हा झाली आहे.

१. काही शॉर्टकट डबल-क्लिक केले की नवा ब्राउझर उघडतो, पण साइटऐवजी "ही फाइल उघडायची की सेव्ह करायची" असं विचारतो. 'उघडा' म्हटलं की तोच प्रश्न नव्या टॅबमध्ये, असं अखंड.
२. काही अजूनही जुन्या ब्राउझरमध्येच उघडतात.
३. दोन-तीन फार जुने शॉर्टकट साइटपर्यंत पोचतच नाहीत.

मेलमधल्या लिंक नव्या ब्राउझरमध्ये बरोबर उघडतात. पहिल्या प्रकारातल्या एका शॉर्टकटवर 'ओपन विथ'मधून नवा ब्राउझर निवडून 'ऑलवेज' केलं होतं. ब्राउझर काढून परत टाकला, फरक नाही.

उंबरठा
'ऑलवेज' तिथेच नडलं. पण आधी हे बघा की तुमच्याकडे एक नाही, तीन वेगळे बिघाड आहेत. डेस्कटॉपवर सगळे शॉर्टकट सारखेच दिसतात, आत मात्र वेगवेगळ्या जातीच्या फाइली असतात. त्यात डॉट-यूआरएल हे एक्स्टेन्शन (फाइलच्या नावाचं शेपूट, ज्यावरून तिचा प्रकार कळतो) विंडोज दाखवतच नाही, एक्स्टेन्शन दाखवण्याचा पर्याय चालू असला तरीही. म्हणून प्रत्येकावर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा:

– 'वेब डॉक्युमेंट' टॅब असेल तर ती डॉट-यूआरएल फाइल. खरा इंटरनेट शॉर्टकट हाच, आणि डीफॉल्ट ब्राउझर मानतो तो एवढाच.
– 'शॉर्टकट' टॅब आणि त्यात 'टार्गेट' असेल तर ती डॉट-एलएनके. टार्गेटमध्ये एखाद्या ब्राउझरच्या प्रोग्रॅमचा पत्ता असेल, तर डीफॉल्ट काहीही ठेवा, उघडणार तोच. क्रोम किंवा एज 'ॲप' म्हणून साइट डेस्कटॉपवर ठेवतात तेव्हा असेच शॉर्टकट बनतात. तुमचा दुसरा प्रकार हा.
– फाइलचा प्रकार डॉट-वेबसाइट असेल तर ते इंटरनेट एक्सप्लोरर ९ च्या काळातलं पिन केलेलं पान. तो ब्राउझर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. तिसऱ्या प्रकाराबद्दल माझा संशय यावर आहे.

पहिल्या प्रकारात काय होतंय ते सांगतो. डॉट-यूआरएल ही साधी मजकुराची फाइल असते: वर कंसात 'इंटरनेटशॉर्टकट', खाली पत्त्याची ओळ. एरवी विंडोज ती स्वतः वाचते आणि त्यातला फक्त पत्ता ब्राउझरला देते. 'ऑलवेज'मुळे आता अख्खी फाइलच ब्राउझरच्या हातात जाते. त्याला ती उघडता येत नाही, म्हणून तो विंडोजला विचारतो, विंडोज पुन्हा त्याच्याकडेच पाठवते.

खात्री करायची तर विंडोज+आर दाबा, एचटीटीपीएससकट पूर्ण पत्ता टाका, एंटर. साइट उघडली तर ब्राउझरची जोडणी ठीक, दोष फक्त फाइल-प्रकाराच्या जोडणीत. नाही उघडली तर इथेच थांबा, पुढचं करू नका. हीच चाचणी साध्या एचटीटीपी पत्त्यावरही करा.

दुरुस्ती: सेटिंग्ज → ॲप्स → डीफॉल्ट ॲप्स. वरच्या चौकटीत टिंबासकट यूआरएल टाइप करा. तिथे ब्राउझरचं नाव दिसेल. यादीत विंडोजचा मूळ पर्याय असेल तर तो निवडा. नसेल तर रजिस्ट्री एडिटरमध्ये (विंडोजच्या अंतर्गत नोंदी बदलायचं साधन; त्यातल्या फोल्डरसारख्या नोंदीला 'की' म्हणतात) या क्रमाने जा: एचकी करंट यूजर → सॉफ्टवेअर → मायक्रोसॉफ्ट → विंडोज → करंट व्हर्जन → एक्सप्लोरर → फाइल एक्स्ट्स → डॉट-यूआरएल. आधी ती की एक्स्पोर्ट करून ठेवा. मग तिच्या आतली 'यूजर चॉइस' ही उप-की काढून टाका. आतलं मूल्य हाताने बदलायला जाऊ नका. त्याला हॅश, म्हणजे पडताळणीचा कोड, जोडलेला असतो, जुळला नाही तर विंडोज ती निवड मानत नाही. शेवटी साइन आउट करून परत या.

दोन बटणं
वरच्यात एक भर. फायरफॉक्स असेल तर तो ज्या फोल्डरमध्ये बसतो त्यानुसार विंडोजमध्ये त्याची ओळख वेगळी नोंदली जाते. काढून दुसऱ्या फोल्डरात टाकला की डीफॉल्ट जुन्या, आता नसलेल्या ओळखीकडे बोट दाखवत राहू शकतो. अशा वेळी विंडोज+आरची चाचणीही नापास होते. मग डीफॉल्ट ॲप्समध्ये ब्राउझरच्या पानावर जाऊन 'सेट डीफॉल्ट' पुन्हा दाबायचं, आणि खाली एचटीटीपी व एचटीटीपीएस या दोन्ही ओळी डोळ्यांनी तपासायच्या.

खुडबुड
प्रॉपर्टीजमध्ये अंदाज तंतोतंत निघाला. एचटीटीपीएस उघडतं. एचटीटीपी जुन्या ब्राउझरमध्ये जातं! यूजर चॉइस काढली, साइन आउट केलं, पहिला प्रकार सुटला. एलएनके आणि वेबसाइट फाइली मिळून चाळीसेक आहेत, त्या बदलता येतील का?

उंबरठा
एचटीटीपीची ओळ त्याच पानावर वेगळी असते, तीही बदला. नाहीतर जुन्या पत्त्यांचे शॉर्टकट उद्या परत हाच धागा काढायला लावतील.

डॉट-वेबसाइट फाइलीतही पत्त्याची ओळ तशीच असते. नोटपॅडची रिकामी खिडकी उघडा आणि फाइल तिच्यात ओढून टाका. 'ओपन'मधून निवडू नका, ती खिडकी शॉर्टकटच्या मागे धावते आणि फाइलऐवजी पान आणायला बघते. पत्ता कॉपी करा, डेस्कटॉपवर राइट-क्लिक → न्यू → शॉर्टकट, तिथे पेस्ट करा, नाव द्या. वेब पत्ता दिला की विझार्ड आपोआप डॉट-यूआरएल बनवतो.

एलएनकेच्या टार्गेटमध्ये शेवटी सरळ पत्ता असेल तर तोच उचला. 'ॲप-आयडी' (ॲपचा ओळख-कोड) असेल तर त्यात पत्ता नसतो. साइट जुन्या ब्राउझरमध्ये उघडून पत्त्याच्या डावीकडचं चिन्ह डेस्कटॉपवर ओढा.

दोन बटणं
नवे बनवून चालतात हे पाहिल्याशिवाय जुने उडवू नका. आणि जुना ब्राउझर काढल्यावर काही आयकॉन पांढरे पडले तर घाबरू नका: ओढून केलेल्या शॉर्टकटचं चित्र फायरफॉक्स आपल्या प्रोफाइलच्या (तुमच्या सेटिंग्ज, बुकमार्क वगैरेंच्या) फोल्डरात ठेवतो, प्रोफाइल गेलं की चित्रही जातं. शॉर्टकट चालतोच. वेब डॉक्युमेंट टॅबमधून 'चेंज आयकॉन' करता येतं.