मदत हवी आहे: ट्राइकची बॅटरी जपानला कशी न्यावी? (तातडीचे)

ऑस्टिनचे_बापू
नमस्कार मंडळी. मी आणि सौ. एप्रिलमध्ये आपापल्या ट्राइकवर जपान फिरतोय. ओनोमिची ते इमाबारी हा पुलांवरून जाणारा शिमानामी सायकलमार्ग, जमलं तर बिवा तळ्याला प्रदक्षिणा. तिकिटं काढून झाली. विमान कंपनी बॅटरीबद्दल धड बोलत नाही, फोनवर नुसतं संगीत ऐकवते. कुणी नेली असेल तर नेमकं सांगा. ‘नेऊच नका’ छापाचे सल्ले नकोत.

सायकलवेडा
ट्राइक म्हणजे लहान मुलांची तीनचाकी?

ऑस्टिनचे_बापू
रिकम्बंट ट्राइक हो! पुढे दोन चाकं, मागे एक, आरामखुर्चीसारखं रेलून बसायचं, पाय पुढे. सौ.च्या गुडघ्यांमुळे साधी सायकल बंद झाली. प्रश्न बॅटरीचा आहे.

व्होल्टभाऊ
किती वॉट-अवर?

ऑस्टिनचे_बापू
४८ व्होल्ट.

व्होल्टभाऊ
काका, व्होल्ट नाही विचारले. बॅटरीवर अँपिअर-अवर छापलेले असतात, ते बघा.

ऑस्टिनचे_बापू
१४. दोन्हींवर तेच.

व्होल्टभाऊ
४८ गुणिले १४ म्हणजे ६७२ वॉट-अवर. प्रवाशाला १०० वॉट-अवरपर्यंत सहसा कुणी विचारत नाही, १०० ते १६० कंपनीच्या परवानगीने, त्याच्या वर बंद. केबिनमध्ये नाही नि चेक-इनमध्येही नाही. सुटी लिथियम-आयन बॅटरी प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवणंही एप्रिल २०१६ पासून बंद आहे. मालवाहू विमानाने जाते, पण धोकादायक माल म्हणून, चार्ज ३० टक्क्यांच्या आत ठेवून. त्या खर्चात आणखी एक सहल होईल.

जुगाडू_जयंत
एवढं काय घाबरायचं! व्हीलचेअर म्हणून दाखवा. चालता न येणाऱ्यांच्या खुर्चीला सवलत असते. काकूंच्या गुडघ्याचं सर्टिफिकेट जोडा.

व्होल्टभाऊ
त्या सवलतीतही बॅटरी काढून केबिनमध्ये न्यायची तर ३०० वॉट-अवरची मर्यादा आहे. ६७२ कुठे बसवणार? आणि खरंच जिला खुर्ची लागते तिच्या सोयीवर आपण डल्ला मारायचा?

जुगाडू_जयंत
सर्टिफिकेट खोटं आहे असं कुठे म्हटलं मी? तुम्ही फक्त नियम वाचून दाखवा.

निशीकसाईकर
सगळे बॅटरीलाच चिकटलेत. बापू, ट्राइकला थ्रॉटल (पायडल न मारता मोटर चालवायची सोय) आहे का? मोटर केवढी?

ऑस्टिनचे_बापू
७५० वॉट. दुकानातून नंतर बसवून घेतली. थ्रॉटल आहेच, सिग्नलला बरं पडतं. त्याचा बॅटरीशी काय संबंध?

निशीकसाईकर
बॅटरीशी नाही, तुमच्या सहलीशी आहे. इथे जपानमध्ये पायडल मारलं तरच मोटरने मदत करायची. ताशी १० किमीच्या आत तुमच्या जोराच्या जास्तीत जास्त दुप्पट, पुढे कमी होत होत २४ किमीला शून्य. थ्रॉटल असलं की ती सायकल राहत नाही, मोपेडमध्ये मोजतात: नंबरप्लेट, विमा, परवाना. वायर काढून टाकतो म्हणाल तर नंतर बसवलेल्या बऱ्याच मोटरी पायडल फिरतंय का एवढंच ओळखतात, जोर मोजत नाहीत. दुपटीचा हिशोब त्या पाळणार कशा? बॅटरी कशीही आणलीत तरी रस्त्यावर उतरवता येणार नाही.

आता रुंदी मोजा. ६० सेंमीच्या वर गेली की ‘साधारण सायकल’ या व्याख्येतून बाहेर, मग जिथे इतर सायकलींना फुटपाथवर मुभा आहे तिथेही तुम्हाला नाही. शिमानामीच्या पुलांवर सायकली आणि पादचाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे. तिथे तुमची रुंदी चालेल का, हे निघण्याआधी ईमेल करून लेखी विचारा. रस्त्यावर उंच झेंडा आणि मागचा दिवा दिवसाही हवा. आणि अमेरिकावाले, इथे डावीकडून!

मेघना_पुणे
काका, जेआर पास (जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास) घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा ५०,००० येन झाला. सुटी तिकिटं परवडतात.

ऑस्टिनचे_बापू
रेल्वेचं मी विचारलेलंच नाही.

निशीकसाईकर
विचारायला हवं होतं. जेआरच्या गाडीत सायकल सुटी करून किंवा घडी घालून पिशवीत बांधावी लागते: तिन्ही बाजूंची बेरीज २५० सेंमी, वजन ३० किलो. घडी घालूनही ट्राइक त्यात बसवणं कठीण, तुमच्या तर दोन. त्यापेक्षा ओसाकाहून रात्रीची फेरीबोट तोयो बंदराला जाते, तिथून इमाबारी जवळच. म्हणजे इमाबारी ते ओनोमिची असं उलट करा. विमानतळ ते ओसाका बंदर मोठी व्हॅन ठरवा. एप्रिल अखेर गोल्डन वीक (इथल्या सलग सुट्ट्यांचा आठवडा) सुरू होतो, त्याच्या आत आटपा.

मिरजेचे_आप्पा
खाण्याचं काय? शाकाहारी असाल तर जपून. भाजीच्या सूपमध्येही दाशी (मूळ अर्क) असते आणि ती बहुधा सुक्या माशाची. उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) घातलेली ओनिगिरी (भाताचा मुटका) बरी. आमच्या सुनेने मेतकूट नेलं होतं.

सायकलवेडा
मेतकूट कस्टमला चालतं?

व्होल्टभाऊ
धागा बॅटरीचा आहे, आप्पा.

लोखंडी_घोडा
मुळात मोटर कशाला? शिमानामीत पुलांवर जाणाऱ्या चढरस्त्यांचा चढ ३ टक्क्यांच्या आसपास ठेवलाय, अंतर सगळं मिळून ७० किमी. मी साध्या सायकलने केलं. लोकांना हल्ली घाम नको असतो.

ऑस्टिनचे_बापू
तुमचे गुडघे पाठवा, आम्हीही करू.

निशीकसाईकर
घोडेसाहेबांचा सूर सोडा, मुद्दा घ्या. ट्राइकला तोल सांभाळायचा नसतो, सगळ्यात खालच्या गिअरला चालण्याच्या वेगाने चढता येतं. मोटर आणि बॅटरी घरीच ठेवा, पुढे लहान चेनरिंग (साखळीचं दातेरी चाक) लावा. बिवा सुमारे २०० किमी असलं तरी बहुतांश सपाट आहे. मोटर क्रँकवर (पायडलच्या दांड्यांपाशी) आहे की चाकात?

ऑस्टिनचे_बापू
क्रँकवर.

व्होल्टभाऊ
मग जुने क्रँकसेट परत बसवावे लागतील. ठेवलेत ना?

ऑस्टिनचे_बापू
दुकानदाराकडे असतील. विचारून सांगतो. ‘नेऊच नका’ नको म्हटलं होतं, शेवटी तेच सांगितलंत.

जुगाडू_जयंत
व्हीलचेअर.

ऑस्टिनचे_बापू
दुकानातून आलो. माझा क्रँकसेट मिळाला, सौ.चा त्यांनी टाकून दिलाय. तिचा क्रँक डॉक्टरांच्या सांगण्यावरून आखूड करून घेतलेला होता, तसा कुठे मिळेल? लवकर सांगा.

व्होल्टभाऊ
ट्राइक कुठल्या कंपनीची, कुठलं मॉडेल? आणि आखूड म्हणजे किती मिमी?