दुसरा आवाज तुम्हाला पहिल्यांदा कधी ऐकू आला?

२०२५ च्या जूनमध्ये 'बीच बॉइज' या अमेरिकी गटाचा ब्रायन विल्सन गेल्याची बातमी वाचली आणि माळ्यावरची कॅसेटची पेटी खाली काढली. 'बीच बॉइज'ची 'पेट साउंड्स' सापडली, टेप पार ताणली गेलेली. कॉलेजात असताना ही कॅसेट ज्या वॉकमनवर ऐकायचो, त्याच्या हेडफोनचा उजवा कान गेलेला होता. बीटल्स लावले की अर्धं गाणं गायब. कधी नुसते गळे, कधी नुसती वाद्यं. 'पेट साउंड्स' मात्र अख्खी ऐकू यायची. कारण बऱ्याच वर्षांनी कळलं. ब्रायनला स्वतःलाच उजव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नसे. १९६६ साली त्यानं ती मोनोतच (दोन्ही कानांत तोच आवाज) बनवली, खरं स्टिरिओ मिश्रण थेट १९९७ मध्ये बाहेर आलं. एका कानाच्या माणसाचं काम माझ्या एका कानाच्या हेडफोनला पुरेपूर मिळत होतं!

त्यातल्या 'गॉड ओन्ली नोज'च्या शेवटी आवाज एकामागोमाग येत राहतात. भजनात टाळकरी ओळ उचलतात तसे, पण इथे कुणी कुणाची ओळ संपायची वाट बघत नाही. होस्टेलच्या गच्चीवर मी ते मोजायला बसलो. पाच मोजले. प्रत्यक्षात गळे तिघांचेच आहेत: कार्ल आणि ब्रायन हे विल्सन बंधू, आणि ब्रूस जॉन्स्टन. त्या रात्रीपर्यंत गाणं म्हणजे एक चाल आणि मागे वाद्यं, एवढीच माझी समजूत होती.

तर विचारणं एवढंच. साधारण १९३० पासून सत्तरच्या दशकापर्यंत अमेरिका-युरोपात गळ्यात गळा घालून गाणारे जे गट होऊन गेले, त्यातला तुमचा कोणता? आणि मुख्य चालीखालचा तो दुसरा आवाज तुमच्या कानाला पहिल्यांदा कधी सापडला? आवडत्या दहांची यादी नको, तो प्रसंग सांगा.

पुणे, सदाशिव पेठ

मी पंधरा वर्षं किराणा घराण्याचं गाणं शिकले. लग्न होऊन आले तर सासरी 'ममाज अँड द पापाज'ची एलपी. दिरांनी कौतुकानं लावली. मी आमच्या बाईंना जाऊन सांगितलं, चौघं एकाच वेळी चार वेगळे सूर लावतात. बाई म्हणाल्या, "बरं, मग त्यातलं चुकतंय कोण?"

मलाही तेव्हा तसंच वाटायचं. सगळे मिळून एका बाईला गाऊ देत नाहीत असं. (ती बाई म्हणजे कॅस इलियट. काय आवाज!) मग एकदा दुपारी तंबोरा जुळवत होते आणि पलीकडच्या खोलीत दिरांनी तीच रेकॉर्ड लावली. गाणारे जाणतील, खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून न छेडलेला गांधार आपोआप बोलू लागतो. आम्ही त्याला स्वयंभू गांधार म्हणतो. त्या दिवशी लक्षात आलं की ही माणसं तोच गांधार गळ्यानं लावताहेत. तंबोऱ्यात जे आपोआप होतं, ते त्यांनी आपसात वाटून घेतलंय.

पुढे वाचनात आलं की चौघांचे सूर चोख जुळले की त्यांना वरती पाचवाच कुणीतरी गातोय असा भास व्हायचा, आणि त्या पाचव्याचं नाव त्यांनी 'हार्वी' ठेवलं होतं. मला फार हसू आलं. आपण त्याला स्वयंभू म्हणून नमस्कार करतो, त्यांनी त्याला नाव देऊन गटात घेतलं.

जाता जाता एक. पियानोचा गांधार तंबोऱ्यातल्या गांधारापेक्षा किंचित चढा असतो. वाद्याशिवाय गाणारे चांगले गट नकळत तंबोऱ्याच्या गांधाराकडे सरकतात, म्हणून तिथे तो नाद उठतो. हे बाईंना सांगायचं राहून गेलं.

नागपूर

ताईंचं वाचून आमचं लिहायला लाज वाटते, पण लिहितो. आमच्या गल्लीत गणपतीत रात्री आरती झाली की 'बोनी एम' या डिस्को गटाचं गाणं लागायचं. 'रास्पुतीन' म्हणजे रशियातला एक साधू, हे कोणाले माहीत होतं? तो मधला दाढीवाला बॉबी फॅरल कसा नाचायचा ते एकानं व्हिडिओ कॅसेटवर पाहून आलं होतं, अन् तो आम्हाला शिकवायचा. मी गल्लीतला बॉबी होतो. जाड आवाज काढून तोंड हालवायचो.

पुढे समजलं की बॉबीही तेच करायचा! रेकॉर्डवरचा तो जाड पुरुषी आवाज निर्माता फ्रँक फारियानचा स्वतःचा. बायांचे आवाज लिझ मिचेल अन् मार्सिया बॅरेटचे, बाकीचे दोघं रेकॉर्डवर जवळपास नाहीतच. म्हणजे मी नक्कल करणाऱ्याची नक्कल करत होतो. वाईट नाही वाटलं, उलट बॉबीबद्दल आपलेपणा वाढला. तो वारला ३० डिसेंबर २०१० ला, सेंट पीटर्सबर्गमध्ये. रास्पुतीन मेला तेच शहर, तीच तारीख.

दुसऱ्या आवाजाचं म्हणाल तर 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन'. शेजारचा ख्रिश्चन मित्र म्हणाला, अरे हे तर आमच्या बायबलातलं, १३७ वं स्तोत्र. मूळ गाणं जमैकाच्या 'मेलोडियन्स' या तिघांचं, १९७० चं. ते नंतर ऐकलं. त्यात धिंगाणा नाही, तिघं जण ओट्यावर बसून गात असल्यासारखे वाटतात. तिथं मला खालचा आवाज पहिल्यांदा वेगळा ऐकू आला. बोनी एमच्या ढोलात तो दबला होता.

मडगाव

आमच्याकडे हा प्रश्नच उलटा आहे. एकच आवाज पहिल्यांदा कधी ऐकला, असं विचारा. चर्चच्या शाळेत सोल्फेजिओ (सूर वाचून गाणं), घरी लग्नकार्यात मांडो हे आमचं जुनं गाणं, आणि मांडो म्हटला की एकजण वरचा सूर धरणार, दुसरा त्याच्याखाली तिसऱ्या सुरावर. त्याला आम्ही 'सेकंड' म्हणतो. जेवणात आमटी असते तसं सेकंड असायचंच.

म्हणून 'एव्हर्ली ब्रदर्स' ऐकले तेव्हा परके वाटलेच नाहीत. डॉन आणि फिल. वडील गिटारवाले, दोघं पोरं आयोवातल्या रेडिओवर आईबापांबरोबर गाऊन मोठी झालेली. १९५७-५८ ची त्यांची गाणी ऐका, एक सूर दुसऱ्याची बाजू सोडतच नाही. फिलची वरची ओळ नुसती वेगळी काढून गायली तरी ती पुरी चाल वाटते. मी आणि माझा मोठा भाऊ त्यांचीच गायचो. मी सेकंड.

१९७३ मध्ये कॅलिफोर्नियात चालू कार्यक्रमात फिलनं गिटार आपटली आणि निघून गेला. त्यानंतर दहा वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. १९८३ मध्ये लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये परत आले. आमचं घराच्या वाटणीवरून बिनसलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मध्ये मावशी वारली. चर्चमध्ये तो पुढच्या बाकावर, मी खूप मागे. स्तोत्र सुरू झालं आणि त्याचा आवाज कानावर पडताच माझ्या तोंडून सेकंडच निघाला. मी थांबवायचा प्रयत्न केला, पण मला त्या स्तोत्राची वरची ओळ येतच नाही, कधी गायलोच नव्हतो. त्यानं मान वळवली नाही. आवाज मात्र थोडा मोठा केला.

बाहेर आल्यावर बोललो नाही. असो.

एडिसन, न्यू जर्सी (मूळचे सातारचे)

मडगावकर, तुमच्यानंतर काय लिहायचं!

आमच्या शेजारी एक इटालियन आजोबा राहायचे, न्यूअर्कमध्ये वाढलेले. फ्रँकी व्हॅली त्यांच्याच गावचा, त्यामुळे 'फोर सीझन्स'चा विषय निघाला की सुटका नाही. गटाचं नाव कसं पडलं ते त्यांनी मला किमान सहा वेळा सांगितलं. युनियन नावाच्या गावात एक बोलिंग अ‍ॅली होती, तिथे गायची संधी मिळावी म्हणून ही पोरं आवाज ऐकवायला गेली आणि नापास झाली. मग निदान नाव तरी नेऊ, म्हणून त्या अ‍ॅलीचं नाव घेऊन बाहेर पडली. १९६२ मध्ये 'शेरी' एक नंबरला.

पण आजोबांचा खरा जीव त्याआधीच्या डू-वॉपवर. म्हणायचे, वाद्यं घ्यायला पैसे नव्हते, म्हणून एकानं तोंडानंच बास वाजवायचा. ते 'डूम-डूम' आणि 'शू-बी-डू' म्हणजे न परवडलेला वाद्यवृंद. घुमणारी जागा हवी म्हणून जिन्याखाली, भुयारी स्टेशनात गायचं. एकदा त्यांनी मला मॉलच्या पार्किंगच्या तळघरात नेलं आणि म्हणाले, तू एक सूर धर, सोडू नकोस. मला आलं ते 'सा'. गणपतीच्या आरतीचा म्हणा. त्यावर त्यांनी 'फाइव्ह सॅटिन्स'चं एक गाणं सुरू केलं. भिंतींवरून परत येईपर्यंत आमचे दोघांचे चौघं झाले होते. तिथे ऐकू आला दुसरा आवाज, आणि त्यातला एक माझाच होता.

एक गोष्ट मात्र डाचते. १९५४ मध्ये ब्राँक्सच्या 'कॉर्ड्स' या कृष्णवर्णीय पोरांनी 'शबूम' काढलं. लगेच टोरंटोच्या 'क्रू कट्स' या गोऱ्या गटानं तेच इस्त्री करून गायलं आणि जास्त खपवलं. दोन्ही लागोपाठ ऐका. दुसऱ्यात सगळे सूर जागेवर आहेत, फक्त रस्ता नाही.

ठाणे

मला अजूनही एकच आवाज ऐकू येतो. चौघं असोत की चाळीस. काय उपाय?

धागाकर्ता

ठाणेकर, सायमन आणि गारफंकल घ्या. दोघंच आहेत, गर्दी नाही. गारफंकलचा वरचा आवाज गोड आहे, तो आपोआप कान ओढून घेतो. त्याच्याकडे दुर्लक्ष करा. सायमनचं बोट धरा आणि गाणं संपेपर्यंत सोडू नका. लहान आवाजात लावा, फार मोठ्यानं नको.

मुंबई, गिरगाव

चोरबाजारातून ७८ आरपीएमच्या तबकड्या गोळा करतो. एकदा 'मिल्स ब्रदर्स' मिळाली. लावली, ट्रम्पेट मस्त, खाली ट्यूबा. मग लेबल वाचलं. एका गिटारीखेरीज कोणतंही वाद्य वापरलेलं नाही, असं छापलेलं! ओहायोतल्या पिक्वा गावचे चार सख्खे भाऊ, १९३१ पासून रेकॉर्डवर, मुठी तोंडाशी धरून ट्रम्पेट काढायचे. थोरला जॉन १९३६ मध्ये गेला तर त्याच्या जागी खालचा सूर धरायला वडील उभे राहिले. ती तबकडी मी वाद्यवाल्या मित्रांना लेबल झाकून ऐकवतो. आजवर एकानंही ओळखलेलं नाही.

डेट्रॉइट

मोटारींच्या कामानिमित्त इथे आलो. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचं घर, पत्ता २६४८ वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड, आता संग्रहालय आहे. बाहेरून अगदी साधं दुमजली घर. कंपनी काढणारा बेरी गॉर्डी आधी लिंकन-मर्क्युरी मोटारींच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर कामाला होता, आणि गाणीही तशीच बनवायची ही त्याची कल्पना. एकीकडून साधा पोरगा आत, दुसरीकडून कलाकार बाहेर. आम्ही कारखानेवाले हे ऐकून उगाच खूश होतो.

आई आली होती तेव्हा तिला नेलं. वर छताला भोक पाडून माळ्यावरच्या पोकळीत आवाज घुमवायचे, ते दाखवायला खाली उभं राहून टाळी वाजवायला सांगतात. आईनं टाळी वाजवली, वर बघितलं, म्हणाली, "आपल्या वाड्याच्या बोळात अस्साच घुमायचा की." मग 'टेम्प्टेशन्स'चं 'माय गर्ल' लागलं. मला नेहमी मुख्य गायक डेव्हिड रफिनच ऐकू यायचा. आईला इंग्रजी येत नाही, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जायचा प्रश्नच नव्हता. ती म्हणाली, "तो खाली घुमतोय तो कोण? तो थांबला तर बाकीचे पडतील." मेल्विन फ्रँकलिन. वीस वर्षं ते गाणं ऐकत होतो, मला तो आईनं दाखवला.

ठाणे

सांगितल्याप्रमाणे रात्री साडेअकराला सायमन-गारफंकल लहान आवाजात लावले. सायमनचं बोट धरलं. तिसऱ्या मिनिटाला खालून एक बारीक, संथ, न हलणारा सूर स्पष्ट ऐकू आला. अंगावर काटा आला. बायकोला उठवून आणलं. तिनं दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, फ्रिज आहे.

उद्या बेडरूममध्ये लावून बघतो.