प्लग ओला की कोरडा, ते आधी पाहावे
गेल्या उन्हाळ्यात बांधावरची बाभूळ तोडून ठेवून दिलेला चेनसॉ नवा प्लग टाकूनही सुरू होत नाही, असे आपण लिहिले आहे. दहा-बारा वेळा दोरी ओढून मग प्लग काढावा. तो ओला निघाला, तर पेट्रोल जास्त गेले आहे. स्विच बंद ठेवून, चोक न लावता दोरी पाच-सहा वेळा ओढावी आणि प्लग पुसून परत बसवावा. आपला मात्र बहुधा कोरडाच निघेल, म्हणजे पेट्रोल तिथवर पोहोचतच नाही, कारण हल्लीच्या पेट्रोलमधील इथेनॉल ओलावा ओढते, आणि आपल्या जळगावच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तापलेल्या टाकीतले पेट्रोल उडून मागे चिकट थर तेवढा उरतो. यावलच्या आमच्या मळ्यातील यंत्राच्या कार्बोरेटरमधला (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातला) पातळ पडदा असाच पापडासारखा कडक झाला होता. तो आणि टाकीतली गाळणी बदलताच यंत्र तिसऱ्या ओढीला सुरू झाले. पेट्रोल आणि ऑइलचे नवे मिश्रण यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणेच करावे. ५०:१ सांगितले असेल, तर लिटरला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल. अर्थात, सुरू करताना स्विच चालू आहे ना, हेही पाहावे. मी एकदा त्यातच तासभर घालवला आहे.